दुएंदे: घरात राहणारा, भाडं न देणारा (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मी स्पॅनिश शिकवते. क्लासमध्ये हा शब्द एकदा निघाला की त्या दिवशी क्रियापदं बाजूला राहतात आणि रात्री मेसेज सुरू होतात, तेच तेच प्रश्न, कधी तर व्हॉइस नोटवर, मागे कुकरच्या शिट्ट्या. म्हणून एकदाचं सगळं एका जागी लिहून टाकलंय. ओळीने वाचायची गरज नाही, पण तिसरा प्रश्न सोडू नका, पुढचं बरंचसं त्याच्यावर उभं आहे.

१. दुएंदे म्हणजे नक्की काय? भूत का?

भूत नाही, हे आधी डोक्यातून काढा. आपल्याकडे भूत म्हणजे मेलेलं माणूस, ज्याचं काहीतरी राहून गेलंय, आणि ते पूर्ण केलं की सुटतं बिचारं. स्पेन-पोर्तुगालच्या लोककथांमधला दुएंदे मुळात माणूसच नव्हता, त्यामुळे त्याचं काही राहिलेलं नाही, त्याला मुक्ती नको, श्राद्ध नको. तो घरात राहतो, बस. छोटासा, खोडकर, बराचसा अदृश्य, रात्री उठून भांडी वाजवणारा, वस्तू लपवणारा, झोपलेल्याचं पांघरूण ओढणारा. जीव घेत नाही, डोकं उठवतो. (मेलेल्याचा दुएंदे होतो असा एक अपवाद आहे, तो प्रश्न १२ मध्ये.)

२. उच्चार काय करायचा? द्वेंदे, दुएंदे की ड्युएंडे?

ड्युएंडे नको. इंग्रजीतून शिकलेले लोक तसं म्हणतात आणि मग मला कानात बोटं घालाविशी वाटतात. स्पॅनिशमधला द हा अगदी आपला दगडातला द आहे, तेव्हा मराठी माणसाला हे आयतं जमतं. पटकन म्हटलं की द्वेंदे ऐकू येतं, सावकाश म्हटलं की दुएंदे, दोन्ही चालेल. पोर्तुगालमध्ये शेवटचा स्वर जवळपास गिळतात, दुएंद् असं काहीतरी, आणि ब्राझीलच्या बऱ्याच भागात तेच दुएंजी होतं. लिहितात मात्र दोन्ही भाषांत सारखंच. शब्द पुल्लिंगी आहे, लाडाने दुएंदेसिल्यो किंवा दुएंदेसितो.

३. शब्द आला कुठून?

जुन्या स्पॅनिशमध्ये ‘दुएन दे कासा’ असा प्रयोग होता. दुएन म्हणजे मालक (आजचा दुएन्यो), कासा म्हणजे घर. घराचा मालक. मराठीत यासाठी तयार शब्द आहे, घरधनी. मग बोलता बोलता शेवटचं ‘कासा’ गळून पडलं आणि उरलं ‘दुएन दे’, म्हणजे शब्दशः ‘...चा धनी’. कशाचा धनी ते सांगायचं राहूनच गेलं, आणि त्या राहून गेलेल्या जागेत हा प्राणी कायमचा मुक्कामाला आला.

आता गंमत बघा. दुएन्यो आला लॅटिनच्या दोमिनुस वरून, आणि दोमिनुस आला दोमुस म्हणजे घर यावरून. हेच घर संस्कृतात ‘दम’ आहे, आणि वेदात दंपती म्हणजे दमाचा पती, घराचा धनी, एकटा एकवचनी सुद्धा. नवरा-बायको हा जोडीचा अर्थ द्विवचनातून रुळला. म्हणजे लग्नपत्रिकेत आपण ‘नवदांपत्यास शुभाशीर्वाद’ छापतो तेव्हा लांबच्या नात्याने दुएंदेच्या भावकीलाच आमंत्रण देतो. आणि गोव्याला दोना पावलाला जाऊन फोटो काढता ना, त्यातली ‘दोना’ पण त्याच दोमिनुसच्या स्त्रीलिंगावरून आलेली, घरधनीणच.

हे एवढं लांबण लावायचं कारण म्हणजे दुएंदेचं सगळं वागणं या शब्दात आहे. त्याच्या मते घर त्याचं आहे आणि तुम्ही पोटभाडेकरू. म्हणून तो हाकलल्यावर चिडतो, सामान हलवलं की चिडतो, आणि नीट वागलात तर रात्री केर पण काढतो.

४. म्हणजे आपला वास्तुपुरुष की काय?

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न. नात्यात वाटतो खरा, पण स्वभाव वेगळा. वास्तुपुरुष जमिनीखाली पालथा पडून असतो, त्याची शांत करतात, तो तथास्तु म्हणतो, उठून कुणाच्या चपला लपवत नाही. दुएंदेची कुणी पूजा करत नाही. मुंजा पिंपळावर, चकवा वाटेवर, हडळ विहिरीजवळ, आपली बहुतेक मंडळी घराबाहेरची आहेत आणि तो पक्का घरातला, माळा आणि चूल इथला. गोवा-कोकणातला देवचार काहींना आठवतो, पण तो गावाच्या वेशीचा राखणदार, त्याला रोट आणि दारू ठेवतात, म्हणजे हुद्दा मोठा आहे. त्याच्याबद्दल थोडं प्रश्न ११ मध्ये.

५. दिसतो कसा?

दिसत नाही हीच पहिली खूण. पण ज्यांनी पाहिला म्हणतात ते बरेचदा लाल टोपी सांगतात. उंची गुडघ्याएवढी किंवा त्याहून कमी, म्हाताऱ्याचा चेहरा, पोराचं अंग. दुसरं एक रूप मला जास्त आवडतं, ते म्हणजे साधूचं. स्पेनच्या कास्तिया आणि आंदालुसिया या भागांत मार्तिनिको नावाचा दुएंदे चक्क ख्रिस्ती मठवाशाचा झगा घालून हिंडतो. स्पॅनिश नाटककार काल्देरोन दे ला बार्काच्या १६२९ च्या नाटकात भेदरलेला नोकर सांगतो की इवलासा साधू होता, डोक्यावर भलं मोठं टोक असलेली टोपी, म्हणजे नक्कीच कापुचिन पंथाचा दुएंदे असणार! प्रेक्षक हसले असतील, कारण कापुचिन साधू तशी टोकदार टोपी खरंच घालायचे.

चित्रकार गोयाने तर सरळच केलं. १७९९ च्या त्याच्या ‘काप्रिचोस’ या ८० चित्रांच्या संचातलं ४९ वं चित्र आहे ‘दुएंदेसितोस’, त्यात तळघरासारख्या जागेत तीन बुटके साधूच्या वेषात बसून दारू पितायत, एकाचा पंजा अंगाच्या मानाने केवढा तरी मोठा. त्या चित्रांवरच्या जुन्या हस्तलिखित टिपणांपैकी एकात लिहिलंय की पाद्री आणि मठवासी हेच या जगातले खरे दुएंदे. बाकी समजून घ्या.

६. दिवसभर करतो काय?

दिवसा झोपतो बहुतेक. रात्रीचा उद्योग ठरलेला: ताटल्या फोडणं, दूध पिऊन टाकणं, गोठ्यातली गुरं बिथरवणं, माळ्यावर काहीतरी घरंगळवणं. आणि वस्तू हलवणं. नेहमीच्या जागेवरची कात्री नाही, सगळं घर पालथं घातलं, शेवटी वैतागून बसलात, आणि कात्री नेहमीच्या जागेवर. हे घडलं की समजायचं. पण खूश असेल तेव्हा तोच भांडी घासून ठेवतो, चूल आवरतो, हा भाग लोक विसरतात. स्पॅनिशमध्ये कुठेही अचानक उगवणाऱ्या माणसाला ‘दुएंदेसारखा हिंडतो’ म्हणतात, आणि आला तसा उडून जाणाऱ्या पैशाला ‘दुएंदेचा खजिना’. दुएंदेने दिलेलं सोनं सकाळी कोळसा झालेलं असतं म्हणून.

७. त्रास्गो, त्रास्नो, फोलेत... हे सगळे एकच का?

एका कुटुंबातले. दुएंदे हा सगळ्यांचा सरसकट शब्द, बाकी प्रांताप्रांतातली नावं. आस्तुरियासमध्ये त्रास्गु, गालिसियात त्रास्नो, कांताब्रियात त्रास्तोलिल्यू, कातालान भाषेत फोलेत, पोर्तुगालच्या उत्तरेला त्रास्गो. आस्तुरियासचा त्रास्गु सगळ्यात ठसठशीत: लाल कपडे, लाल टोपी, उजव्या पायाने लंगडा, आणि डाव्या तळहाताला आरपार भोक. ते भोक लक्षात ठेवा, पुढच्याच प्रश्नात कामाला येणार आहे.

८. घरातून घालवायचा कसा?

मारून नाही, मंत्राने नाही. त्याचा अहंकार दुखवून. त्रास्गुला वाटतं आपल्याला येत नाही असं कामच नाही, त्यामुळे त्याला न होणारं काम सांगायचं. आस्तुरियासमध्ये ही तीन कामं ठरलेली आहेत. एक, समुद्रातून टोपलीभर पाणी आण. दोन, काळ्या मेंढीची लोकर धुऊन पांढरी कर. तीन, जमिनीवर सांडलेली बाजरीसारखी बारीक धान्यं हाताने वेच. तो उत्साहाने सुरू करतो, टोपलीतून पाणी गळतं, लोकर काळीच राहते, आणि दाणे मुठीत घेतले की डाव्या हाताच्या भोकातून खाली, परत वेचले, परत खाली. पहाटेपर्यंत हेच. मग त्याला इतकी लाज वाटते की तो निघून जातो आणि परत येत नाही.

मला हे दाण्यांचं चित्र फार आवडतं. म्हणजे बघा ना, शत्रूला हरवायचं तर आपण तलवार बिलवार काढतो, आणि इथे स्वयंपाकघरात एक बाई वाटीभर दाणे जमिनीवर ओतते आणि दिवा मालवून झोपायला जाते.

९. त्यापेक्षा घरच बदललं तर?

नाही चालत. यावर तर एक गोष्टच आहे, स्पेनमध्ये ठिकठिकाणी सांगतात आणि तिच्या बहिणी युरोपभर सापडतात. एक कुटुंब त्रास्गुला इतकं कंटाळतं की घर सोडायचं ठरवतं. बैलगाडीत सामान भरतात, गुपचूप निघतात, अर्ध्या वाटेत बाईच्या लक्षात येतं की अमुक एक वस्तू राहिली घरी (कुठली ते सांगणाऱ्यावर आहे). आता कोण जाणार परत? तेवढ्यात गाडीमागून आवाज, मी आणलीये, मी आणलीये! वस्तू खांद्यावर टाकून त्रास्गु येतोय लंगडत. तुम्ही सगळेच घर बदलताय म्हटल्यावर मी पण बदललं.

मग लोक विचारतात की तो घराचा मालक ना, मग घर सोडून कसा येतो? बरोबर पकडलंत. तर त्याच्या लेखी घर म्हणजे भिंती नव्हेत, घर म्हणजे त्या भिंतीतली तुमची वटवट, चूल, पोरं. वाड्याचा फ्लॅट झाला तरी ‘आमच्या घरी असं चालत नाही’ म्हणणारी एक आत्या सोबत येतेच, तसं.

१०. पाळता येतो का? काम करवून घेता येतं का?

येतं, पण पश्चात्ताप होतो. भूमध्य समुद्रातल्या इबिसा बेटावर फामेलियार नावाचा प्रकार आहे. सान हुआनच्या रात्री, म्हणजे जूनच्या २३ तारखेच्या रात्री, सांता एउलारियाच्या जुन्या पुलाखाली एक झुडूप क्षणभर उगवतं म्हणतात, ते तोडून काळ्या बाटलीत भरायचं. बूच उघडलं की आतून कुरूप बुटका बाहेर येतो आणि ओरडतो, ‘काम नाहीतर जेवण!’ काम दिलं तर क्षणात संपवतो, शेताला कुंपण, आख्खी भिंत, काहीही, आणि परत तेच, काम नाहीतर जेवण. काम संपलं की खायला लागतो, आणि खायला लागला की घरातलं काही उरत नाही.

बास्क प्रदेशातले गाल्त्सागोर्री (अर्थ: लाल चड्डीवाले) याच जातीचे, ते सुया ठेवायच्या डबीत राहतात आणि ‘आता काय? आता काय?’ करून जीव खातात. आपल्याकडे खांबावर चढ-उतर करायला लावलेल्या भुताची गोष्ट ऐकली असेल लहानपणी, तीच युक्ती तिकडेही. आणि कोकणातली मंडळी बायंगीचं नाव काढतात, नारळात ठेवलेली, दुसऱ्याची भरभराट ओढून आणणारी, मानपान चुकला तर उलटणारी. पाळलेल्या शक्तीची भीती सगळीकडे सारखीच म्हणायची. पण फामेलियारची भूक आणि बायंगीचा कोप यात फरक आहे, फामेलियार रागावत नाही, त्याला फक्त रिकामं बसवत नाही.

११. पोर्तुगीज आणि ब्राझीलवाले काय वेगळं सांगतात? गोव्यात आला का तो?

पोर्तुगालमध्ये दुएंदे शब्द आहेच, पण तिथला घरगुती हिरो म्हणजे ‘फ्रादिन्यो दा मांव फुरादा’, भोक पडलेल्या हाताचा छोटा साधू. लाल टोपी घालतो, कुलपाच्या भोकातून आत येतो आणि झोपलेल्याच्या छातीवर हात ठेवतो, मग माणसाला वाईट स्वप्नं पडतात, हलता येत नाही. म्हणजे त्रास्गुच्या हाताचं भोक आणि मार्तिनिकोचा झगा एकाच अंगावर.

ब्राझीलमध्ये ती लाल टोपी बहुधा याच पोर्तुगीज पाहुण्यांकडून एका पायाच्या सासी-पेरेरेच्या डोक्यावर गेली. तोंडात पाइप, धुळीच्या वावटळीतून फिरतो, वावटळीवर चाळण टाकून पकडायचा आणि बाटलीत भरायचा. साओ पाउलो राज्यात ३१ ऑक्टोबर हा सासीचा दिवस म्हणून २००४ पासून कायद्याने आहे, हॅलोविनला उत्तर म्हणून. आणि बाकी आजच्या ब्राझीलमध्ये ‘दुएंदे’ म्हटलं की पोरांच्या डोळ्यापुढे सांताक्लॉजचे खेळणी बनवणारे मदतनीस येतात. मालकाचा कारखान्यात कामगार झाला.

गोव्याबद्दल: १५१० ते १९६१ पोर्तुगीज होते म्हणून तिथे दुएंदे असणारच असं गृहीत धरू नका. मला तिथे दिसते ती उलटी गोष्ट. देवचार हा गावचा राखणदार, पण गोव्यातल्या ख्रिस्ती कोंकणीत देंवचार म्हणजे थेट सैतान. एकाच गावात एका घरी ज्याला रोट ठेवतात त्याचंच नाव शेजारच्या घरी क्रूस काढून घेतात. स्पेनमध्ये चर्चला दुएंदेचं असं एका फटक्यात करता आलं नाही, का ते प्रश्न १४ मध्ये.

१२. लॅटिन अमेरिकेतला दुएंदे मुलं पळवतो म्हणे?

हो, समुद्र ओलांडल्यावर तो बिघडला. म्हणजे तिथे आधीपासून रानाचे, शेताचे स्वतःचे राखणदार होते, स्पॅनिश लोकांनी त्या सगळ्यांना दुएंदे म्हणून टाकलं, आणि घरातला प्राणी रानात गेला. बेलीझमध्ये ताता दुएंदे आहे, मोठी टोपी, पावलं उलटी, आणि हाताला अंगठे नाहीत. रानात तो समोर आला तर अंगठे मुठीत लपवायचे, नाहीतर तो तुमचे उपटून घेतो. उलट्या पावलांवरून आपल्याकडे लगेच हडळ म्हणतील, पण हा रानातल्या जनावरांचा रखवालदार आहे.

ग्वाटेमालात सोंब्रेरोन, म्हणजे मोठ्या टोपीवाला. याला लांब केसांच्या मुली आवडतात. खिडकीखाली गिटार वाजवतो, रात्री येऊन केसांच्या वेण्या घालतो, आणि मुलीच्या ताटात माती टाकतो म्हणजे ती जेवत नाही, झोपत नाही, खंगत जाते. मुलगी मिळाली नाही तर घोड्यांच्या आयाळीच्या वेण्या घालतो. गावात घोड्याच्या आयाळीला सकाळी गाठी दिसल्या की लोक समजतात. उपाय: मुलीचे केस कापायचे. (दर वेळी मुलीचंच काहीतरी कापायचं, त्याची गिटार फोडायची कुणाला सुचत नाही.)

अर्जेंटिनाच्या वायव्येला, साल्ता-हुहुईकडे, बाप्तिस्मा न होता मेलेल्या बाळाचा दुएंदे होतो म्हणतात, हाच तो पहिल्या प्रश्नातला अपवाद. त्याचा एक हात लोखंडाचा, एक लोकरीचा. भर दुपारी, मोठी माणसं झोपलेली असताना बाहेर हिंडणाऱ्या पोराला तो गाठतो आणि विचारतो, कुठल्या हाताने मारू? पोरगं अर्थातच म्हणतं लोकरीच्या. आणि मग तो लोखंडाच्याने मारतो. दुपारी पोरांनी झोपावं म्हणून आयांनी किती डोकं चालवलंय बघा, आपल्याकडे बागुलबुवा एवढ्यावर भागायचं.

मेक्सिकोच्या युकातानमधले माया लोकांचे आलुश हे खरं म्हणजे दुएंदे नव्हेत, मक्याच्या शेताचे राखणदार, पण पेपरवाले तोच शब्द वापरतात. २०२३ च्या फेब्रुवारीत मेक्सिकोचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष लोपेस ओब्रादोर यांनी रात्रीच्या झाडावर चमकत्या डोळ्यांचं काहीतरी बसलेलं असा फोटो टाकून हा आलुश वाटतो असं लिहिलं होतं. फोटो दोन वर्षं आधीपासून फिरतोय हे लोकांनी लगेच दाखवून दिलं.

१३. माझी फिलिपिनो सहकारी पण ‘दुवेंदे’ म्हणते. तेच का?

शब्द तोच. स्पेनने तिथे १५६५ पासून १८९८ पर्यंत राज्य केलं, शब्द राहिला. पण तिथला दुवेंदे वारुळात राहतो, कारण तिथे आधीपासून ‘नुनो सा पुन्सो’, म्हणजे वारुळातला म्हातारा होता आणि दोघं मिसळले. पांढरे दुवेंदे भले, काळे वाईट. वारुळाजवळून किंवा झाडीतून जाताना ‘ताबी-ताबी पो’ म्हणायचं, म्हणजे जरा बाजूला व्हा हो, येऊ द्या. ‘पो’ हा आदराचा शब्द, आपल्या ‘अहो’सारखा. चुकून तुडवलं आणि नंतर पाय सुजला तर गावच्या वैदूला बोलावतात. इतका सभ्य करार मला दुसऱ्या कुठल्या भुतासोबत माहीत नाही. तुमच्या सहकारीला ताबी-ताबी पो म्हणून बघा, खूश होईल.

१४. चर्च काय म्हणायचं? सैतान म्हणून मोकळं का नाही झालं?

कारण तो सैतानाच्या मानाने फारच किरकोळ होता. सैतान आत्मा मागतो, हा तुमची कात्री लपवतो. मग याला बसवायचं कुठल्या खात्यात? १६७६ मध्ये फुएंतेलापेन्या नावाच्या कापुचिन साधूने यावर जाडजूड ग्रंथ लिहिला. त्याचा युक्तिवाद असा की देवदूत असं पोरकट वागणार नाहीत, सैतान एवढ्यावर थांबणार नाही, मेलेल्यांच्या आत्म्यांना इकडे फिरायची मोकळीक नाही, म्हणजे उरलं काय? प्राणी! दुएंदे हे अदृश्य, बिनडोक प्राणी आहेत आणि ते माळे, तळघरं, बंद पडलेली घरं इथल्या दाट कुबट हवेतून आपोआप तयार होतात. कुबट हवेतून किडे होतात हे तेव्हा सगळेच मानायचे, तेव्हा त्याच्या हिशोबाने हे अगदी शास्त्रशुद्ध होतं. थोडक्यात माळा आवरा, खिडक्या उघडा. आमची आजीसुद्धा दुसरं काही सांगत नव्हती.

१७२९ मध्ये ओविएदोच्या फेइखो या बेनेदिक्तिन साधूने हे सगळं उडवून लावलं. तो म्हणाला, देवदूत नाही, सैतान नाही, आत्मा नाही इथपर्यंत फुएंतेलापेन्याचं बरोबर, पण मग सरळ म्हणा ना की काहीच नाही! घरात आवाज येतात कारण घरात उंदीर आहेत, चोर आहेत आणि रात्री भिंत ओलांडून येणारे प्रियकर आहेत, आणि ‘दुएंदे आहे हो’ म्हटलं की कोणी बघायला उठत नाही. काल्देरोनचं प्रश्न ५ मधलं नाटक १०० वर्षं आधी नेमकं हेच दाखवत होतं. नाव ‘ला दामा दुएंदे’. भावांनी कोंडून ठेवलेली तरुण विधवा काचेच्या कपाटामागच्या चोरदारातून पाहुण्याच्या खोलीत ये-जा करते, चिठ्ठ्या ठेवते, सामान विस्कटते, आणि नोकर शपथेवर सांगतो की दुएंदेच आहे.

१५. कधी पोलीस केस झालीये का?

झालीये, सारागोसा शहरात, १९३४ साली. गास्कोन दे गोतोर रस्त्यावरच्या एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात चुलीच्या धुराड्यातून आवाज यायला लागला. मोलकरीण चूल पेटवायला गेली की आवाज कण्हायचा, तक्रार करायचा, उत्तरं द्यायचा. पोलीस आले, न्यायाधीश आले, वास्तुतज्ज्ञ आले, धुराडं मोजायला घेतलं तर माप आवाजानेच सांगितलं असं पेपरांनी छापलं. रस्त्यावर एवढी गर्दी की पोलिसांना आवरेना, लंडनच्या पेपरात बातमी. शेवटी सरकारने जाहीर केलं की मोलकरीणच नकळत पोटातून बोलते, केस बंद. ती घरात नसतानाही आवाज यायचा असं शेजारी सांगत राहिले, पण गरिबाच्या पोरीवर ढकललं की फाइल मिटते हे तिथेही तसंच. जुनी इमारत पाडून नवी झाली, तिचं नाव ‘एदिफिसियो दुएंदे’. पत्त्यावर नाव शेवटी मालकाचंच लागलं.

१६. फ्लामेंकोवाले ‘दुएंदे आहे’ म्हणतात तो हाच का? की दुसरा शब्द?

शब्द हाच, घर वेगळं. फ्लामेंको म्हणजे दक्षिण स्पेनमधल्या आंदालुसियाचं गाणं-नाच. तिथे एखाद्या गायिकेला ‘दुएंदे आहे’ म्हटलं की तिच्या गाण्यात काहीतरी येऊन बसतं, जे रियाजाने येत नाही. जगभर हा अर्थ गेला तो स्पॅनिश कवी फेदेरिको गार्सिया लोर्काच्या १९३३ च्या ब्युनोस आयरेसमधल्या व्याख्यानामुळे. त्यात तो देवदूत, काव्यदेवता आणि दुएंदे असे तिघं वेगळे करतो, पहिले दोघं बाहेरून येतात, दुएंदेला मात्र रक्ताच्या आतल्या खोल्यांमधून उठवावं लागतं. एका म्हाताऱ्या गिटारवाल्याचं सांगणं तो देतो की दुएंदे गळ्यात नसतो, तळपायातून वर चढतो.

आणि एक प्रसंग. कादिसच्या एका दारूच्या गुत्त्यात पास्तोरा पावोन गात होती, मोठी गायिका, ‘ला निन्या दे लोस पेइनेस’ म्हणून गाजलेली. आवाज सुंदर, ताना सुंदर, आणि समोरचे गप्प. कोणीतरी खवचटपणे म्हणालं, वा, पॅरिस झिंदाबाद! ती उठली, जळजळीत दारूचा मोठा पेला एका घोटात संपवला, आणि भाजलेल्या गळ्याने, श्वास नसताना, आवाजच नसताना गायला बसली. तेव्हा लोक कपडे फाडायला लागले. आपल्याकडे गवई ‘आज सूर लागला’ म्हणतात त्याच्या जवळ जातं पण अगदी तेच नाही, कारण इथे सूर तुटल्यावर ते आलं.

घरातल्या बुटक्याचा याच्याशी संबंध काय? मला विचाराल तर तोच, मालकी. गाणाऱ्याला वाटतं गळा माझा आहे, आणि मग आतून कोणीतरी उठून सांगतं की सरक.

१७. मराठीत भाषांतर काय करू? एल्फ, बुटका, पिशाच्च?

कुठे आलाय त्यावर. स्पायडरमॅनच्या कॉमिकमधला ग्रीन गॉब्लिन स्पॅनिशमध्ये दुएंदे वेर्दे आहे, तिथे काही करू नका. मुलांच्या गोष्टीत ‘बुटका’ चालून जाईल. पिशाच्च नको, फार जड होतं. लोककथेत मी दुएंदे असाच ठेवते आणि पहिल्यांदा आला की घरधनी म्हणून एकदा सांगते. एका ठिकाणी मात्र मराठी शब्द इतका फिट्ट बसतो की मी आनंदाने उडी मारली होती. स्पॅनिश छापखान्यात खिळे जुळवताना झालेल्या चुका ‘छापखान्याचे दुएंदे’ करतात म्हणे. आपल्याकडे तेच काम मुद्राराक्षस करतो. तिथे डोळे मिटून मुद्राराक्षस लिहा.

एक सावधगिरी: १७३५-३६ मध्ये माद्रिदच्या दरबारात ‘एल दुएंदे क्रितिको’ नावाचं हाताने लिहिलेलं चोपडं फिरायचं, मंत्री पातिन्योची खिल्ली उडवणारं, कोण लिहितं कोणाला कळेना (लिहिणारा निघाला एक पोर्तुगीज साधू, परत साधूच). १८२८ मध्ये लारा या स्पॅनिश लेखकानेही आपल्या नियतकालिकाला ‘दुएंदे सातिरिको’ नाव दिलं. अशा ठिकाणी दुएंदे म्हणजे घरभर फिरणारा, सगळं ऐकणारा, न सापडणारा. तिथे बुटका लिहिलंत तर अर्थ गेला.

१८. तुम्हाला स्वतःला कधी भेटला का?

नाही. पण ओविएदोला दोन वर्षं राहत होते तेव्हा एकदा खोलीची किल्ली हरवली, नोव्हेंबर, बाहेर पाऊस, मी पर्स तीनदा उलटी केली, गादीखाली बघितलं, रडकुंडीला आले. घरमालकीण सत्तरीच्या पुढच्या, एकट्या राहायच्या, त्या किचनमधून शांतपणे म्हणाल्या, शोधू नकोस, शोधलं की त्याला मजा येते, बस इथे. कॉफी ठेवली. मग ओट्याच्या वर बघत, म्हणजे माझ्याकडे नाही, नुसतंच वर, म्हणाल्या, ‘झालं ना तुझं? ठेव आता.’ आम्ही कॉफी प्यायलो, त्यांच्या गुडघेदुखीवर बोललो, आणि मी कप ठेवायला उठले तर किल्ली पावाच्या डब्यात.

पावाचा डबा सकाळी मीच उघडला होता, तेव्हा काय झालं असेल ते मला कळतं. त्यांना सांगितलं तसं. त्या म्हणाल्या, हो का, बरं. आणि दुसऱ्या दिवसापासून त्या डब्याशेजारी बशीत पावाचा एक तुकडा दिसायला लागला. भाडं मात्र मी त्यांनाच देत राहिले, दर महिन्याच्या १ तारखेला.